पंचाहत्तरीपुढे मोफत

दिवाळी अंकात आपल्या नोकरीबद्दल लिहिणारे लोक बहुतेक निवृत्त असतात. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि या नोकरीत मला जेमतेम दीड वर्ष झालंय. पण आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादक काकूंनी आईला विचारलं, "तुझी मुलगी नक्की करते काय?" आईने तीनदा सांगायचा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाली, "तीच लिहील." म्हणून हे. माझी शाळा आधी नाशिकला आणि मग कार्डिफला, दोन्हीकडे इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे शुद्धलेखन आईने तपासलंय. मजकुरातलं तिला जे पटलं नाही, ते मी तसंच ठेवलंय.

काम असं आहे: बर्फ नसलेल्या डोंगरावर बर्फात घसरायचा वर्षभराचा पास केवढ्याला विकायचा, हे मी ठरवते.

डोंगर इंग्लंडच्या उत्तरेला आहे. वर्षातले अकरा महिने तिथे मेंढ्या चरतात आणि बाराव्या महिन्यातही बहुतेक दिवस मेंढ्याच असतात. उतारावर एक टो आहे, म्हणजे फिरत्या दोराला लोंबणाऱ्या चकत्या. चकती दोन पायांमध्ये धरायची, ती तुम्हाला उभ्याउभ्या ओढत वर नेते. पायथ्याशी एक लाकडी झोपडी, चहाची किटली, एक टॉयलेट आणि कार पार्क. बर्फ तयार करणारं मशीन वगैरे नाही. पडेल तो बर्फ आपला. हे सगळं एका क्लबच्या मालकीचं आहे आणि त्या क्लबची मी एकमेव पगारी नोकर आहे, तीही एका ग्रँटमधून, आठवड्यातून तीन दिवस.

त्याआधी मी मिल्टन कीन्सला एका विमा कंपनीत होते. कोणाच्या गाडीचा विमा किती महाग करायचा, ते आमची टीम ठरवायची. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर आमच्या सगळ्या टीमला काढलं. मी कॅमेरा बंद ठेवला होता, त्यामुळे माझा चेहरा कसा झाला होता ते कोणाला कळलं नाही. नंतर ही जाहिरात दिसली: "प्राइसिंगचा अनुभव हवा. स्की येणं आवश्यक नाही. मेंढ्यांची भीती नसावी."

मुलाखत ब्रेंडाने घेतली. ब्रेंडा क्लबची अध्यक्ष, शाळेच्या किचनची मुख्य म्हणून निवृत्त झालेली.

"स्की येतं?"

"नाही."

"बरं झालं. ज्यांना येतं त्यांना मतंही असतात." मग ती म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात डोंगर एकही दिवस उघडला नाही. त्याच्या आधी चार दिवस उघडला, त्यातला एक दाट धुक्यात, म्हणजे तो कोणी पाहिला नाही. याही हिवाळ्यात उघडला नाही, तर टो विकून क्लब बंद करायचा, असा ठराव झालाय. तोपर्यंत तू पास विक."

आता सीझन पासची किंमत कशी ठरते ते सांगते. साधं आहे. एका दिवसाचं तिकीट वीस पौंड असेल, तर माणूस मनात म्हणतो, मी दहादा तरी येईन, म्हणजे दोनशे झाले. त्याला तुम्ही पास दीडशेला देता. तो खूश होतो आणि तीनदा येतो. पास म्हणजे माणसाची स्वतःबद्दलची आशा, आणि आपण ती किंचित कमी भावात विकतो. जिमचा धंदा असाच चालतो.

आमच्या डोंगरावर हे गणित बसत नाही. पास एकशेचाळीस पौंडांचा, दिवसाचं तिकीट वीसचं आणि डोंगर उघडतो फार तर चार दिवस. तरी लोक पास घेतात. हे का, ते मी पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. मी कोणाला काही विचारत नाही, स्प्रेडशीट बघते. तो माझा स्वभाव आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

क्लबची जुनी पद्धत अशी: पास एकशेचाळीसचा, पण जो सभासद उन्हाळ्यात आणि शरदात कामाच्या दिवशी येईल, त्याचे दर दिवसाला दहा पौंड कमी. दोराच्या कप्प्यांना ग्रीस लावायचं, झोपडी रंगवायची आणि मुख्य म्हणजे बर्फाची कुंपणं उभी करायची. दहा दिवस काम केलंत, तर पास चाळीसला. एक डिसेंबरनंतरचं काम धरत नाहीत.

यादीत मला पंचाहत्तरीच्या पुढचे बारा जण सापडले. अकरा जण चाळीस पौंड देणारे, म्हणजे प्रत्येकाने दहा दिवस ओझी वाहिलेली. बारावी जीन. वय ऐंशी, काम शून्य दिवस, दर पूर्ण एकशेचाळीस, आणि हे सलग आठ वर्षं. मला वाटलं, आजारी असतील बिचाऱ्या, काम होत नाही म्हणून सगळ्यांत जास्त भरतायत.

मी अस्वस्थ झाले. आमच्याकडे म्हातारं माणूस आलं की आधी खुर्ची सरकवतात. इथे ऐंशीची माणसं शंभर पौंड वाचवायला डोंगरावर लाकडं वाहत होती. मी दरपत्रकात एक ओळ घातली: पंचाहत्तरीपुढे मोफत. कमिटीने ती चार मिनिटांत मंजूर केली, कारण चहा आला होता. मग मी बारा पत्रं पाठवली. "अभिनंदन! तुमच्या वयाचा आदर म्हणून क्लब तुम्हाला आजन्म मोफत पास देत आहे." 'आजन्म' हा शब्द मी स्वतः निवडला. छान वाटला होता.

आठवड्याभरात पाकिटं यायला लागली. प्रत्येकात चाळीस पौंडांचा चेक. मी परत पाठवले, सोबत नम्र चिठ्ठी. ते पुन्हा आले. एक चेक चारदा आला-गेला, शेवटी त्याच्या घडीवर भोक पडलं. मग डोरीन ऑफिसमध्ये आली. ही माजी पोस्टमन, सत्त्याहत्तर वर्षांची, आणि इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी.

"फॉर्मवर माझं वय चुकलंय, लव्ह. मी चौऱ्याहत्तर आहे."

"पण इथे तुमची जन्मतारीख आहे."

"ती माझ्या बहिणीची."

"नाव तुमचंच आहे."

"आई वेंधळी होती." तिने चेक टेबलावर ठेवला आणि वर स्टेपलर ठेवला, म्हणजे मला तो लगेच उचलता येऊ नये.

पैसे भरता यावेत म्हणून वय कमी सांगणारं गिऱ्हाईक मी विमा कंपनीत कधी पाहिलं नव्हतं. मी सिस्टीममध्ये 'वयाबाबत वाद' असा एक नवा रकाना केला. लाजऱ्या माणसाला रकाना करणं सोपं जातं.

एका शनिवारी नॉर्मन आला. एक्क्याऐंशी वर्षांचा, उंच, आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला. माझ्याशी काही बोलला नाही. झोपडीच्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक सभासदाची एक हिरवी खुंटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. नॉर्मनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, शेजारशेजारच्या दोन खुंट्या सोडवल्या, स्क्रू मोजून काडेपेटीत ठेवले आणि गेला. भिंतीवर दोन फिके चौकोन राहिले.

मी ब्रेंडाला विचारलं. प्रश्न विचारायची ती माझी पहिली वेळ.

"पैसे भरणाऱ्यालाच खुंटी," ब्रेंडा म्हणाली. "फुकट पास पाहुण्यांचा असतो. पाहुण्यांचे कोट खुर्चीवर. तुला वाटलं, लोक स्कीसाठी पास घेतात?"

"हो."

"चार दिवसांसाठी?"

मी भिंतीवरच्या फिक्या चौकोनांकडे बघितलं.

"आणि दुसरी खुंटी जीनची. त्याची बायको. आठ वर्षं झाली तिला जाऊन. तो दर वर्षी तिचाही पास घेतो, पूर्ण दराने. ती कामाला येऊ शकत नाही ना, मग सूट कशी मिळणार?"

मला माझं पत्र आठवलं. प्रिय जीन, अभिनंदन. आजन्म.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"तू विचारलं नाहीस. आम्हाला वाटलं, तू मिल्टन कीन्सची आहेस, तुला माहीत असेल तुझं तू काय करतेस ते."

कमिटीने सवलत त्याच आठवड्यात रद्द केली. तीही चार मिनिटांत. पण म्हातारी मंडळी परत आली नाहीत. नॉर्मन आला तर येऊ, असं डोरीन म्हणाली. आणि नॉर्मन फोन उचलत नव्हता.

तो येणं का गरजेचं होतं, त्यासाठी कुंपणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बर्फ फार पडत नाही, जो पडतो तो वारा उडवून नेतो. म्हणून लाकडी पट्ट्या तारेने विणून केलेली कुंपणं वाऱ्याच्या वाटेत उभी करायची. वारा त्यातून जाताना मंदावतो आणि हातातला बर्फ पलीकडे टाकतो. तो टोच्या वाटेवर पडला, तर डोंगर उघडतो. कुंपण कुठे आणि किती तिरकं लावायचं ते नॉर्मनला माहीत होतं. त्याचा नकाशा नव्हता.

ऑक्टोबरमध्ये तरुण सभासदांनी आणि मी ती उभी केली. मी वाऱ्याची आकडेवारी जमवली होती, कोनाचा तक्ता केला होता. दोन शनिवार मी स्वतः त्या गुंडाळ्या वर वाहिल्या. एक गुंडाळी साधारण एका रागावलेल्या लहान मुलाएवढी जड असते. कुंपणं एका रेषेत आली. मी फोटो काढून आईला पाठवले.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिला बर्फ आला. सकाळी मी ऑफिसला पायी गेले, कारण वादळ येणार म्हणून गाडी आदल्या दुपारी तिथेच ठेवली होती. डोंगर हिरवागार होता. टोच्या वाटेवर मेंढ्या चरत होत्या. अख्ख्या डोंगरावरचा बर्फ माझ्या कुंपणांनी अतिशय शिस्तीत कार पार्कमध्ये आणून ठेवला होता. टॉयलेटचं दार अर्ध्यापर्यंत बर्फात गेलं होतं आणि माझी कोर्सा गडप झाली होती. वर फक्त एरियल.

ब्रेंडा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी एरियलकडे बघत होतो.

"पार्किंगचा पास काढता येईल," ती म्हणाली.

दिवसभर मी गाडी उकरली. बॅटरी बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरंच वाटलं की हा क्लब माझ्या एका ओळीमुळे बंद पडणार आहे. नोकरी जाण्याची सवय मला होती. ही गोष्ट वेगळी होती.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आई कार्डिफहून आली. आई तिथल्या हॉस्पिटलमध्ये वृद्धांच्या वॉर्डची डॉक्टर आहे. मी तिला म्हटलं, मला एकांकडे जायचंय, सोड फक्त.

"कोणाकडे?"

"नॉर्मनकडे."

"केवढा आहे?"

"एक्क्याऐंशी."

"एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं नॉर्मन? मी आत येणार. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही." तिने स्वतःच्या चहासाठी आणलेला चकल्यांचा डबा घेतला.

नॉर्मनच्या किचनच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, त्या दोन खुंट्या शेजारशेजार ठेवलेल्या होत्या. मी बोलायची तीन वाक्यं फोनमध्ये लिहून नेली होती. फोन कोटात राहिला आणि कोट दाराशी.

"मिस्टर नॉर्मन, प्लीज," असं म्हणत आईने डबा उघडून पुढे केला. त्याने एक चकली उचलून उजेडात धरली, वेटोळी मोजल्यासारखं केलं आणि खाल्ली. मग दुसरी घेतली.

"पत्र मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"ते कळलं मला. माहीत असतं तर 'आजन्म' लिहिलं नसतंस."

"कोणाला आजन्म?" आईने मराठीत विचारलं.

"नंतर सांगते."

"आता सांग."

मी मराठीत, दोन वाक्यांत सांगितलं. आई माझ्याकडे जशी बघत राहिली, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. नॉर्मन शांतपणे चकली खात होता. त्याला एक शब्द कळला नसेल, पण काय सांगितलं जातंय ते कळत होतं.

"ती सवलत काढलीय," मी त्याला म्हणाले. "सगळ्यांना एकच दर. एकशेचाळीस, कामाचे दिवस वजा."

"यंदा मी एकही दिवस आलो नाही."

"आता या. दहा दिवस धरू आपण."

"एक डिसेंबर उलटला."

"तुमच्यासाठी अपवाद करू."

"अपवाद," नॉर्मन म्हणाला. "त्यानेच तर हे सगळं झालं, लव्ह."

मी मान खाली घातली. "मग एकशेचाळीस."

"आणि जीनचे?"

आठ वर्षांपूर्वी गेलेल्या व्यक्तीच्या पासचा दर मला पहिल्यांदाच कोणी तोंडावर विचारत होतं. स्प्रेडशीट नव्हती. रकाना नव्हता.

"एकशेचाळीस," मी म्हणाले. "त्या कामाला आल्या नाहीत."

"बरोबर," नॉर्मन म्हणाला, आणि मी टेबलाशी बसल्यापासून तो पहिल्यांदा खुर्चीला टेकला.

इथे आईला राहवलं नाही. नाशिकच्या भाजीबाजारात घडलेली बाई ती. "दोन घेतायत ना? मग दोघांचे मिळून अडीचशे करा."

"आई, आपण विकतोय."

"असू दे. वयस्कर आहेत."

"दोनशेऐंशी," नॉर्मन तिला म्हणाला. "आणि लेट फी."

"आमच्यात लेट फी नाही," मी म्हणाले.

"असायला हवी. पासामागे दहा. तीनशे."

"दोनशेसाठ!" आई म्हणाली.

"तीनशे."

"अगं, हे वर का चाललेत?"

"आई, तू चकली घे."

त्याने तीनशेचा चेक लिहिला. देताना विचारलं, "तुझी खुंटी कुठली? मी कधी पाहिली नाही."

"मला नाही. स्टाफला पास मोफत असतो."

"अरेरे," नॉर्मन म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

सोमवारी तो डोंगरावर आला. एक पौंडही कमी होणार नव्हता, तरी नऊ म्हातारी माणसं त्याच्या मागे आली. अकरावा फ्रँक आला नाही. त्याला मी फोन केला होता. "काही नाही गं, लव्ह, मी आता बोल्स खेळायच्या क्लबला जातो," तो म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता, "ते पैसे घेतात." फ्रँकची खुंटी अजून भिंतीवर आहे, पण तो परत येणार नाही हे मला कळतं. सिस्टीममध्ये त्याच्या नावापुढे काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही.

नॉर्मनची रीत अशी: काटेरी तारेला मेंढीची लोकर अडकलेली असते. ती चिमूटभर ओढून घ्यायची, वाऱ्याकडे पाठ करून सोडायची आणि ती कुठे डगमगते ते बघायचं. डगमगली की म्हणायचं, "इथे." मग दहा पावलं पुढे, पुन्हा लोकर. माझ्या तक्त्यातला वारा सरळ जात होता. डोंगरावरचा वारा एका खड्ड्यापाशी वळतो, आणि तो खड्डा कोणत्याच आकडेवारीत नाही. आई दोन दिवस रजा वाढवून थांबली. दर अर्ध्या तासाने ती सगळ्यांना खाली बसवून नाड्या बघायची. डोरीनला तिने वय विचारलं.

डोरीनने आधी माझ्याकडे बघितलं. "आता खरं सांगितलं तर चालतं?"

"चालतं," मी म्हणाले.

"सत्त्याहत्तर," डोरीन अभिमानाने म्हणाली.

नाताळ कोरडा गेला. पूर्ण जानेवारी मी हवामानाची चार ॲप बघत होते आणि चारही वेगवेगळं खोटं बोलत होती. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बर्फ पडला, रात्रभर वारा सुटला आणि शनिवारी सकाळी डोंगराच्या हिरव्या अंगावरून टोच्या बरोबर खाली एक पांढरा पट्टा वरपासून पायथ्यापर्यंत उतरला होता. रुंदी दोन बसगाड्यांएवढी. बाजूला मेंढ्या. कार पार्क कोरडं ठाक.

डोंगर दीड दिवस उघडा होता. रविवारी दुपारी पाऊस आला. पण ठरावात 'एक दिवस' लिहिलं होतं, त्यामुळे टो राहिला. ग्रँटही एक वर्ष वाढली.

नॉर्मन एकदाच वर गेला. त्याच्या जॅकेटला दोन पास लटकत होते. टोवरच्या माणसाने काही न विचारता दोन्ही पंच केले. खाली येताना तो इतक्या सावकाश आणि इतक्या रुंद वळणांनी आला की एका मेंढीने त्याला मागे टाकलं. मग त्याने झोपडीत जाऊन कोट आपल्या खुंटीवर टांगला आणि टोपी शेजारच्या खुंटीवर.

चहाच्या वेळी ब्रेंडाने माझ्या हातात एक बिल दिलं. सीझन पास, एक, एकशेचाळीस. वजा तीन दिवस: कुंपणं, दोन शनिवार, कार पार्कमधला बर्फ काढणे, एक दिवस. एकूण एकशेदहा.

"पण मला स्की येत नाही," मी म्हणाले.

"ते आमच्या लक्षात आहे," ब्रेंडा म्हणाली.

"आणि कुंपणं चुकीची लागली होती."

"वाहिलीस तर खरी."

मी तिचं पेन मागून घेतलं आणि बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ घातली.

रांगेच्या टोकाला, जीनच्या पलीकडे, एक नवी हिरवी खुंटी होती. इतरांपेक्षा हातभर खाली, माझ्या उंचीला. नॉर्मन म्हणाला, थांब, रंग ओला आहे. तोपर्यंत मी कोट अडकवला होता. कोटाच्या कॉलरच्या आत माझं नाव पांढऱ्या रंगात, उलट्या अक्षरांत उमटलंय. मी तो धुवायला टाकलेला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. डोंगर कसा होता, नॉर्मनची नाडी कशी होती, सगळं विचारून झालं. मग मी तिला पास घेतल्याचं सांगितलं.

"केवढ्याला?"

"एकशेवीस."

"भिंतीतल्या एका खुंटीला? अगं, घासाघीस तरी केलीस का?"

"केली," मी म्हणाले. "ते एकशेदहा म्हणत होते."